पोटाखालच्या पट्ट्या

दार उघडेना, एवढंच धाकटीने फोनवर सांगितलं, आणि तेही हसत हसत. औषधाच्या दुकानापाशी जागा नव्हती म्हणून तिने गाडीचं पुढचं एक चाक फुटपाथवर चढवलं होतं, आणि मग तिच्या बाजूचं दार असं काही अडकलं की खांद्याने ढकललं तरी हलेना. "कापडी टप उघडा होता म्हणून निभावलं, दादा. वरून टांग टाकून उतरले. या वयात! दुकानदार गोळ्या मोजायचा थांबला. आणि गंमत ऐक, चाक खाली घेतलं तर दार आपलं आपण उघडलं. काही झालंच नाही अशा थाटात. बिजागरीला तेल सोडू का थोडं?" तो तंत्रशाळेच्या शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी उभा होता. हातात अजून खडू होता. बिजागरीचा काही संबंध नाही हे त्याला तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं होतं. "गाडी चालवू नकोस," तो म्हणाला. आवाज मोठा झाला असावा, कारण कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. "अरे, दारच तर आहे," धाकटी म्हणाली. "चालवू नकोस म्हटलं ना! आहे तिथे ठेव. ओढून न्यायची गाडी मी पाठवतो." मग तिचं ते लहानपणापासूनचं, नाकातून निघणारं हसू. "तुझा जीव आहे बाई त्या गाडीत. माझ्यात तरी आहे की नाही कोण जाणे." फोन ठेवल्यावर त्याने पाहिलं, खडू बोटांत मोडला होता आणि पांढरी पूड शर्टाच्या बाहीवर उतरली होती. ती झटकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

या फोनची तो दोन वर्षं वाट पाहत होता. असाच येईल असं नव्हतं वाटलं. त्याने कल्पनेत जे फोन ऐकले होते ते परक्या माणसाचे होते, रस्त्याच्या कडेने केलेले, मागे गर्दीचा आवाज असलेले. रविवारी सकाळी धाकटी भाचीला घेऊन टेकडीच्या रस्त्याने फिरायला जायची तेव्हा तो घरात उगाच कपाटं आवरत बसायचा आणि दुपारी, जेवण झालं असेल अशा बेताने, फोन करायचा. "गाडी कशी आहे?" हा पहिला प्रश्न. ती कशी आहे, पोरगी कशी आहे, हे मागाहून. धाकटीने त्याचा विनोद करून टाकला होता. लोकांना सांगायची, आमच्या दादाचं प्रेम म्हणजे असं, चाकांवर. लोक हसायचे, तोही हसायचा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. त्याच्या मनात दोन वर्षं टळटळीत दुपार होती, आणि त्या उजेडात सगळ्यांबरोबर बसून हसायचं होतं.

गाडी वडिलांची. म्हणजे मुळात कुणा गिऱ्हाइकाची. वडील टप शिवायचे. कापडी छताच्या गाड्यांचे टप, बोटींची आच्छादनं, बैठकांच्या खोळी, असलं जाड काम. लांबच लांब टेबल, त्यावर अंथरलेलं मेणकापड, दाभण, मेण लावलेला दोरा, आणि टेबलाच्या पलीकडे ओणवे झालेले वडील, तोंडात तीन-चार पितळी बटणं धरलेली, त्यामुळे कुणी काही विचारलं तर नुसतं हूं करणारे. एका गिऱ्हाइकाने नवा टप घालायला गाडी आणून दिली आणि तो परदेशी निघून गेला. वर्षभराने त्याचं दोन ओळींचं पत्र आलं, ठेवून घ्या म्हणून. वडिलांनी ते पत्र चौकटीत घालून दुकानात लावलं होतं, पुढेमागे कुणी गाडी मागायला आला तर असावं म्हणून. सुटीच्या दिवशी ते ती गाडी काढायचे. बैलगाडीच्या वेगाने. आई पुढे, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, ही दोघं मागे, आणि मागून येणारे भोंगे वाजवत पुढे निघून जायचे. वडील म्हणायचे, जाऊ दे, त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यांना घाई परवडते. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली. धाकटी तेव्हा लग्न होऊन दूर होती. "वरचं मी सांभाळलं," वडील म्हणाले. "खालचं मला कधी कळलं नाही. मी कापडाचा माणूस. तू लोखंड शिकवतोस. तुझ्याकडे असू दे." 'शिकवतोस' हा शब्द त्यांनी असा उच्चारला होता की त्याला तेव्हाही जरा संकोच वाटला होता.

त्याच्या घरापासून समुद्र तीन गल्ल्या दूर होता आणि शेड नव्हती. महिनाभरात बघू म्हणून त्याने गाडी इमारतीच्या मागे उघड्यावर लावली आणि वर ताडपत्री बांधली. महिनाभराचे सहा महिने झाले. वर्गात तो मुलांना सांगत असे की खारा वारा पाण्यापेक्षा वाईट, तो वरून येत नाही, खालून येतो, सांध्यात शिरतो आणि बसून राहतो. तास संपला की तो घरी यायचा आणि त्या ताडपत्रीच्या बाजूने जिन्याकडे जायचा. आळस होता असंही नाही. पहिल्या वर्षी खाली वाकून पाहिलं असतं तर थोडंसं खरवडून, रंग मारून भागलं असतं. पण मग वर्षभर पाहिलं नाही हे दिसलं असतं. दुसऱ्या वर्षी दोन वर्षांचं दिसलं असतं. दुखणं अंगावर काढतात तसं त्याने गाडीचं दुखणं अंगावर काढलं, फक्त अंग गाडीचं होतं. अशी पाच वर्षं. वडील गेले. नवऱ्याचं घर सोडून धाकटी मुलीला घेऊन परत आली, आईजवळ राहू लागली, आणि वडिलांच्या सगळ्या वस्तूंतून तिने एकच मागितली. "तुला नको असेल तरच हं, दादा. बरी चालते ना अजून?" बुधवार होता. "उत्तम चालते," तो म्हणाला. "रविवारी ने."

ओढून आणणाऱ्याने गाडी धाकटीने सांगितलेल्या गॅरेजात सोडली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम एक बाई फार छान करतात. सकाळी तो पोचला तेव्हा त्या बाई हातमोजे काढत पुढे आल्या आणि थबकल्या. "सर?" चाळिशीच्या आसपासचं वय, कपाळावर वेल्डिंगच्या मुखवट्याचा वळ, भुवईत एक जळका डाग. त्याला आठवायला थोडा वेळ लागला. वर्गात एकटीच मुलगी, पहिल्या बाकावर, प्रश्न विचारून भंडावणारी. "तुम्ही पुठ्ठ्याचं खोकं आणायचात," वेल्डरबाई म्हणाल्या आणि धाकटीकडे वळल्या. "तुमचे भाऊ, ताई, बुटांचं खोकं घेऊन वर्गात यायचे. झाकण लावून पिळायला सांगायचे. पिळलं जायचं नाही. मग झाकण काढायचे आणि म्हणायचे आता पिळा. फडक्यासारखं पिळलं जायचं. मग म्हणायचे, उघड्या टपाची गाडी म्हणजे बिनझाकणाचं खोकं. तिला वरून कुणी धरलेलं नाही. तिचा सगळा जीव पोटाखालच्या तिरप्या पट्ट्यांत." धाकटी कौतुकाने ऐकत होती, भावाची कुणी स्तुती केली की तिचा चेहरा लहान मुलीसारखा होई. तो गाडीकडे पाहत होता.

गाडी वर उचलली. वेल्डरबाईंनी आधी दिवा धरला, मग जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पट्टीवर ठोकलं. ठण्ण असा आवाज यायला हवा होता. भिजलेल्या पुस्तकावर थाप मारावी तसा आवाज आला. त्यांनी तो उलटा करून टोक नुसतं दाबलं. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काळं डांबर पापुद्र्यासारखं सुटलं, त्याच्यामागून तांबूस चुरा भुरभुरत खाली आला, बाईंच्या बाहीवर, जमिनीवर, धाकटीच्या चपलेच्या अंगठ्यावर. "अगं बाई," धाकटी म्हणाली. दुसऱ्या पट्टीचंही तेच. तिसरी तर जाग्यावर होती ती केवळ डांबराच्या चिकटपणाने. "हे गंजलंय ते वेगळं," वेल्डरबाई हळूहळू म्हणाल्या, "लोखंड आहे, गंजणारच. पण हे झाकलंय कुणीतरी. भोकं बुजवून वरून डांबर फासलंय. ज्याने केलं त्याला माहीत होतं ही काय चीज आहे. एखाद्या खड्ड्यात गाडी मधोमध बसली असती, ताई. वळणावर तर विचारूच नका." त्यांनी पक्कडीने भोकातला बोळा ओढला. लांबच लांब निघाला. डांबराने अर्धवट काळा झालेला कापडाचा तुकडा, जाड, मेणाचा, करड्या रंगाचा, आणि त्याच्या कडेला दुहेरी टाक्यांची शिवण.

धाकटीने तो हातात घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवला. असे टाके या शहरात एकच माणूस घालायचा आणि ही दोघं भावंडं त्या माणसाच्या टेबलाखाली, उरलेल्या चिंध्यांच्या ढिगात खेळून मोठी झाली होती. "हे बाबांचं कापड आहे," ती म्हणाली. त्याला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. तिने पाहिलंही, पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याच्यासाठी नव्हतं. "बाबांनीच केलं असणार, दादा. नाही का? त्यांना कापडाशिवाय काही येतच नव्हतं. भोक दिसलं, कापड कोंबलं. नंतर नंतर डोळ्यांना दिसत तरी कुठे होतं. कुणाला सांगायची लाज वाटली असेल त्यांना." तिचा आवाज ओला झाला होता. ती वडिलांना क्षमा करत होती. त्याच्या डोळ्यांदेखत, वेल्डरबाईंच्या दिव्याच्या उजेडात, ती मेलेल्या माणसाला त्याने न केलेल्या गोष्टीबद्दल क्षमा करत होती.

"असेल," तो म्हणाला.

पुढे कित्येक दिवस तो या एका शब्दाभोवती फिरत राहिला. 'हो' म्हटलं असतं तर ते सरळ खोटं होतं, खोट्याला निदान कणा असतो. 'असेल'ला काहीच नव्हतं. असेलही, नसेलही, मी काय सांगू, मी इथे नुसता उभा आहे. आयुष्यभर वडिलांच्या तोंडी हा शब्द त्याने ऐकला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, ही शिवण वर्षभर टिकेल ना, तर ते तोंडातली बटणं काढून हातावर घ्यायचे आणि म्हणायचे, टिकेल, किंवा म्हणायचे, नाही टिकणार, कापड जुनं आहे. आणि गिऱ्हाईक रागावून गेलं तरी जाऊ द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी, धाकटीने गाडी मागितली त्या बुधवारी संध्याकाळी त्याने ताडपत्री सोडली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा गाडीखाली सरपटत गेला. हात लावला आणि पट्टीचा तुकडा हातात आला. तो तसाच पडून राहिला, पाठीला बारीक खडे टोचत होते, नाकावर ते थंड, ओलसर लोखंडाचं पोट. सांगता आलं असतं. धाकटे, माझ्याकडून हयगय झाली, नीट करूनच देतो, महिना थांब. एवढंच. पण वडिलांचं बारावं होऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि घरात येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणत होता की मुलगा बापासारखाच निघाला, कामात चोख. शनिवारी त्याने दार लावून वडिलांच्या दुकानातून आणलेलं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. त्यात कसलाही डाव नव्हता, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खरंही होतं. कापड कोंबताना त्याला शिवण दिसली होती. त्याने ती बाजू आत वळवली. मग डांबर. ब्रशचे फटकारे त्याने एकाच दिशेने मारले, हाताला वळण होतं. बोल्ट जे फिरत होते ते आवळले. काम संपल्यावर उठून हात पुसले आणि जरा लांब उभं राहून पाहिलं, आणि पुढची गोष्ट त्याने स्वतःपाशीही फार उशिरा कबूल केली, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं. काम सुबक झालं होतं. महिन्याभरात तिला काहीतरी कारण सांगून गाडी परत आणू आणि गुपचूप नव्या पट्ट्या घालू, असं त्याने ठरवलं. पुन्हा तोच महिना.

गॅरेजात धाकटी तो कापडाचा तुकडा रॉकेलने धुऊन घेत होती, घरी न्यायला. ती नळाकडे गेली तेव्हा वेल्डरबाई दिवा घेऊन मागच्या बोल्टांपाशी गेल्या. ओल्या चिंधीने त्यांनी चिखल पुसला. बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीवर उतरलेल्या दोन पांढऱ्या रेघा उजेडात आल्या, एक लांब, एक आखूड, शेजारी शेजारी. बोल्ट आवळून झाला की त्यावर खुणेची रेघ ओढायची, म्हणजे तो सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, हे सगळेच मेकॅनिक करतात. पण तो वर्गात सांगायचा, एक रेघ ओरखडाही असू शकते. दोन ओढा. दोन रेघा म्हणजे इथे माणूस येऊन गेला. त्या दोन उभ्या रेघा इंग्रजी अकऱ्यासारख्या दिसायच्या, म्हणून मुलं त्याला पाठीमागे 'अकरा सर' म्हणायची. त्या शनिवारी त्या रेघा त्याने कधी ओढल्या ते त्याला आठवत नव्हतं. फसवणूक करतानाही हाताने आपली सही केली होती. वेल्डरबाईंनी अंगठा रेघांवरून एकदा फिरवला. मग दिवा दुसरीकडे धरला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि त्या पाहत नाहीत हेच त्याला मानेवर गरम इस्त्रीसारखं जाणवत राहिलं. धाकटी हात झटकत परत आली तेव्हा बाई तिला सांगत होत्या, "पट्ट्या नव्या घालाव्या लागतील. आठ दिवस धरा." आवाजात काही फरक नव्हता. "काय सर, आठ दिवसांत होईल ना?" 'सर' हा शब्द पूर्वीसारखाच होता. काल-परवापर्यंत तो या हाकेला सहज ओ देत आला होता.

तो रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊ लागला. कुणी बोलावलं नव्हतं. शर्ट काढून बनियनवर काम करायचा, बाई सांगतील ते. आधी दारांच्या जागेत दोन्ही बाजूंनी लोखंडी नळ्या जोडून गाडी ताठ धरली, नाहीतर जुन्या पट्ट्या कापताच ती मधोमध वाकली असती आणि मग दारं कधीच बसली नसती. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्याने मापं घेतली. तारेच्या ब्रशने तो चांगल्या पत्र्यावरचं डांबर खरवडायचा, तासन्‌तास, पाठीवर पडून. स्वतःचे फटकारे त्याला ओळखू येत होते. गंजाची पूड डोळ्यांत जायची, ओठांवर बसायची. त्याची चव रक्तासारखी असते हे त्याने इतकी वर्षं मुलांना गंमत म्हणून सांगितलं होतं. धाकटी दुसऱ्या दिवशी येऊन गेली, त्याला तसं पाहून तिचे डोळे भरून आले. "बाबांसाठी किती करतोस रे," ती म्हणाली. त्याने चेहरा गाडीखालीच ठेवला.

चौथ्या दिवशी पट्ट्या कापल्या. तुकडे भिंतीशी उभे करून ठेवले. चहा पिताना वेल्डरबाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "उद्या भंगारवाला येतो. त्याला देऊन टाकू? की ठेवू?"

त्याने कप खाली ठेवला. बाई ग्राइंडरची चकती बदलण्यात गुंतल्या होत्या, जरुरीपेक्षा जास्तच.

"तुम्ही ओळखलंत," तो म्हणाला.

"सर, पहिल्या वर्षाला मी त्या दोन रेघा काढल्या नाहीत म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत. तासभर. विसरेन कशी?" त्या थोडं हसल्या, मग हसू गेलं. "पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी तुमचाच विद्यार्थी असेल. रात्रभर तोच विचार केला. एकेकाचं नाव आठवून पाहिलं. सगळ्यांवर संशय घेतला, तुमच्यावर घ्यायला मन धजेना. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि थेट त्या मागच्या कोपऱ्यापाशी आडवे झालात. सगळ्यांत जास्त भोकं कुठे आहेत ते मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं." चकतीचा नट त्यांनी आवळला. "मी ताईंना काही बोलणार नाही. तो माझा प्रश्न नाही. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. भंगारवाला नऊला येतो, एवढंच सांगते."

त्याला सुटकेचं दार दिसलं. नऊला भंगारवाला येईल, पट्ट्या वितळतील, वडील एकदा चुकलेले म्हणून आठवले जातील, त्यात त्यांचं काय जाणार आहे, ते गेलेच आहेत, आणि धाकटी त्यांच्यावर थोडं अधिकच प्रेम करेल. हा हिशेब त्याने किती झटकन मांडला ते पाहून त्याला स्वतःची किळस आली. वर्गातल्या त्या मुलीला त्याने तासभर उभं केलं होतं. दोन रेघांसाठी.

"ठेवा," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी धाकटी दुपारी आली. नव्या पट्ट्या बसल्या होत्या, लाल प्रायमरवर काळा रंग, सोळा बोल्ट. आधारासाठी जोडलेल्या नळ्या काढल्या तरी गाडी केसभर हलली नव्हती. वेल्डरबाईंनी मुद्दाम एका चाकाखाली ठोकळा सरकवला आणि धाकटीला म्हणाल्या, "आता उघडा." दार उघडलं. मिटलं. धाकटीने चार वेळा उघडमीट केली आणि टाळ्या वाजवल्या. मग ती त्याच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "आईला सांगितलं मी परवा, बाबांनी लपवलं होतं ते. ऐकूनच घेईना रे. म्हणे, ते असं करायचे नाहीत. मी म्हटलं, आई, शेवटी शेवटी माणूस करतो असं, लाजेपोटी. तो तुकडाच दाखवला. तर गप्प झाली. परवापासून जेवत नाहीये धड. म्हणते, पन्नास वर्षं मला वाटलं मी त्यांना ओळखते."

त्यानंतरचं त्याने ठरवून केलं नाही. वाक्यं दोन वर्षं जुळवून ठेवली होती, निरनिराळ्या सुरुवातींची. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. तो भिंतीपाशी गेला, पट्टीचा एक तुकडा उचलून आणला आणि तिच्यापुढे धरला. "या रेघा बघ. या माझ्या आहेत." तिला कळेना. "मी ओढल्यात. कापडही मीच कोंबलं. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडी माझ्याकडे असताना सडली, आणि तू मागितलीस तेव्हा मी झाकून दिली."

धाकटी हसली, कारण तो चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून काहीतरी निघून गेलं. वेल्डरबाई नळाकडे गेल्या आणि त्यांनी पाणी मोठं सोडलं. धाकटी गाडीत जाऊन बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. तो घुटमळला, मग दुसऱ्या बाजूने शेजारी बसला. टप उघडा होता आणि वर गॅरेजचं पत्र्याचं छत होतं, त्याच्या एका भोकातून उजेडाची काठी खाली उतरली होती.

"म्हणजे दोन वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"मी पोरीला घेऊन टेकडीवर जायचे. दर रविवारी."

"हो."

"आणि तू फोन करून विचारायचास, गाडी कशी आहे."

तो बोटावरचा काळा रंग नखाने खरवडत राहिला.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा," ती थांबली, आठवू लागली. "पाऊण तास गेलो आपण. हमरस्त्याने. ट्रक होते केवढे. तेव्हाही माहीत होतं तुला? आई पुढे, मी चालवत होते, आणि तू—" ती पहिल्यांदाच वळून त्याच्याकडे पाहत होती. "तू मागे बसला होतास."

"हो."

"रिक्षाने ये म्हटलं तर ऐकलं नाहीस. मागे जागा नव्हती तरी गुडघे दुमडून बसलास."

"मला वाटायचं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला फार लांबून आल्यासारखा वाटला, "काही झालं तर मीही असावं. तुमच्याबरोबर. जमेल तेव्हा मी येऊन बसायचो, तुझ्या लक्षात आलं नसेल. मला वाटायचं, निदान एवढं तरी."

हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं आणि मनातल्या मनात ही एकच गोष्ट त्याने आपल्या बाजूने ठेवली होती. सगळं वजा केल्यावर उरणारी. ती आता तो तिच्यापुढे ठेवत होता, थोड्याशा आशेनेही, हे त्याला बोलता बोलताच कळलं आणि कान तापले.

धाकटी बराच वेळ समोरच्या काचेतून पाहत होती. नळाचं पाणी वाहत होतं. "म्हणजे मरायला तयार होतास," ती अखेर म्हणाली, अगदी सावकाश, जणू एखादी गोष्ट नीट समजून घेत असावी, "पण सांगायला नाही."

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. त्याला वाटलं आपण आतून हळूहळू बसत चाललो आहोत, कुठलाही आवाज न होता.

"आईला कोण सांगणार?" तिने विचारलं.

"मी सांगतो."

"आज."

"आज. आत्ता येतो तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर नको," ती म्हणाली. "बसने ये. उतर आता."

तो उतरला. दार लावलं. तिने गाडी सुरू केली, ठोकळ्यावरून चाक अलगद खाली घेतलं, आणि अंगणातून फाटकाकडे निघाली. वेल्डरबाईंनी पाणी बंद केलं. फाटकाशी गाडी थांबली. धाकटी मागे वळून पाहत नव्हती, पण गाडी थांबली होती, मागचा दिवा उघडझाप करत होता. तो चालू लागला, मग जरा पळालाच, चपलेचा पट्टा निसटला तरी थांबला नाही, हात वर केला. चार पावलं उरली होती तेव्हा रस्त्यावरून मोठा ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला, आणि गाडी वळून निघून गेली.

वर केलेला हात तसाच राहिला होता. तो त्याने केसांतून फिरवायला घेतला, जणू मुळात त्यासाठीच वर केला होता, आणि अर्ध्यात थांबला. हात खाली आणला. मागे वळून पाहिलं. वेल्डरबाई दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी, आणि या वेळी त्या पाहत होत्या.

"मला वाटलं, ती माझ्यासाठी थांबली," तो म्हणाला.

"मलाही वाटलं, सर," बाई म्हणाल्या. "बसथांबा डावीकडे आहे."